घरांतील आगगाडी : आधीं कागद, मग रूळ

सुटींत खेळण्यांतील आगगाडी घरीं आली कीं मुलास वाटतें, सबंध खोली रुळांनीं भरून टाकावी. ही हौस वाईट नाहीं. परंतु मोठें काम आरंभापासूनच मोठें मांडलें पाहिजे, ही समजूत चुकीची आहे. आणि ती मुलांपेक्षां आम्हां वडीलधाऱ्यांतच अधिक आढळते, असें माझें मत आहे.

हा दोष मीहि केला आहे. मुलाला न विचारतां मीं खोलीच्या कोपऱ्यांत पांच फूट रुंदीचा फळ्यांचा माचा ठोकला व भराभर रूळ अंथरले. पहिल्याच दिवशीं गाडी पलीकडच्या वळणावर घसरली. तेथवर माझाहि हात पोंचेना, मग त्याचा कोठून पोंचणार? महिन्याभरांत माच्यावर जुनीं वर्तमानपत्रें जमलीं. पैसा गेला त्याचें दुःख थोडें. अर्धें टाकलेलें काम मुलाच्या डोळ्यांसमोर राहिलें, हें मनाला फार लागलें.

म्हणून आधीं कागद घ्यावा, आणि तो मुलानेंच घ्यावा. फार प्रचारांत असलेल्या आकारांत खरी वस्तु ८७ पटींनीं लहान केलेली असते. या हिशेबानें एक किलोमीटर लोहमार्गास सुमारें ११.५ मीटर जागा लागेल, व आपल्याकडील एक मोठा डबा सुमारें १० इंच भरेल. मग फलाटाशीं किती डबे मावतील, हें ज्यानें त्यानेंच मोजावें. बोरघाटांत ३७ फुटांस १ फूट चढ असल्यानें गाडीला मागून जादा इंजिनें लावतात. घरीं ५० फुटांस १ फूट चढ धरला, तरी एक मार्ग दुसऱ्यावरून चार इंच उंच नेण्यास सुमारें १७ फूट लांबी लागते. फळीची रुंदी हात पोंचेल इतकीच, म्हणजे अडीच फुटांच्या आंत असावी. हें गणित रूळ अंथरल्यावर सुचून उपयोग नाहीं.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथें जॉन ॲलन या छायाचित्रकारानें घराच्या तळघरांत उभारलेली डोंगराळ रेल्वे या छंदांत विख्यात आहे. तिचा आरंभ १९४६ च्या सुमारास, साडेतीन फूट रुंद व साडेसहा फूट लांब एवढ्याशा मांडणीनें झाला. तो पहिला तुकडा त्यानें मोडला नाहीं. पुढें मोठ्या मांडणींत तोच बसविला. १९७३ सालीं त्याचें निधन झालें तेव्हांहि काम चालूच होतें, आणि थोड्याच दिवसांत आगीनें बहुतेक सर्व नष्ट केलें. तरीहि त्यानें काढलेलीं छायाचित्रें लोक आजहि अभ्यासितात. कारण जेवढें केलें तेवढें त्यानें मन लावून केलें होतें.

पालकांनीं पैसा बेतानें द्यावा, सल्ला विचारल्यावर द्यावा, आणि हातोडी मुलाच्या हातीं राहूं द्यावी. विद्यार्थ्यांनो, अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथेंहि खरी आहे. आधीं एक स्थानक पुरें करा, मगच दुसरी फळी जोडा.

माझ्या मुलानें त्या माच्याचीं लांकडें कापून चार फूट लांबीचें एक स्थानक केलें आहे. तें लहान आहे. पण तेथें गाडी येते, थांबते आणि सुखरूप निघते.