निकालानंतरचे महाविद्यालय

निवडणूक जवळ आली, की महाविद्यालयांत मतदारनोंदणीची शिबिरे भरतात, प्रतिज्ञा घेतल्या जातात. निकाल लागताच त्याच विद्यार्थ्याने राजकारणाचे नाव काढू नये, अशी अपेक्षा असते! नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतील प्रचाराची कटुता वसतिगृहाच्या दाराशी थांबली असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. एका खोलीत दोन पक्षांचे दोन मित्र, हाती मोबाइल आणि बोलण्यास अधिकृत जागा नाही. हा कोंडमारा अभ्यासाला आणि मैत्रीलाही ग्रासतो.

१९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळावर गुणवत्तेनुसार नियुक्त्या आणल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुका पुन्हा मान्य केल्या. पण २०१९ मध्ये त्या पुढे ढकलल्या गेल्या, त्याही विधानसभेच्या निवडणुकीसाठी. हाणामारीची भीती अनाठायी नाही. तथापि, खर्चाला व कालावधीला मर्यादा घालणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी २००६ पासून हाताशी आहेत.

शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत समुपदेशक असावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निर्देश स्वागतार्हच आहे. मात्र निकालाने खचलेल्या तरुणाला केवळ समुपदेशकाकडे धाडणे म्हणजे सार्वजनिक प्रश्नाला खाजगी आजार ठरविणे होय. निकालाच्या आठवड्यात प्राचार्यांनी सभागृह खुले करावे. महिलांना दरमहा एका आघाडीने २१०० रुपये देऊ केले, दुसरीने ३०००. ते कोणत्या महसुलातून येणार होते, हे दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांनी तेथे एकमेकांना विचारावे. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीची तारीख विद्यापीठाने जाहीर करावी.