विश्लेषण : हॅलोविनचे खेळ खेळा, पण चिमुकल्यांना घाबरवू नका!

३१ ऑक्टोबर जवळ आला, की मोबाइलवर भोपळ्याचे कंदील, सांगाडे आणि चेटकिणींच्या टोप्या दिसू लागतात. कार्टूनमुळे कोपरगावातल्या बालवाडीच्या मुलांनाही हे ओळखीचे झाले आहे. मुलांनी पार्टीचा हट्ट धरला, तर नाही म्हणण्याचे कारण नाही. मात्र खेळ कोणते घ्यायचे, हे मोठ्यांनी ठरवायला हवे.

हॅलोविन म्हणजे काय?
ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पूर्वी सलगम कोरून कंदील करत. अमेरिकेत त्याची जागा भोपळ्याने घेतली.

लहान मुले का घाबरतात?
तीन-चार वर्षांच्या मुलाला खरे कोणते आणि सोंग कोणते, हे पक्के कळत नाही. मुखवट्यामागे काकाच आहे, हे आपल्याला माहीत असते; मुलाला तो दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत 'भूत आलं' म्हणून ओरडण्यात गंमत मोठ्यांना वाटते, झोप मात्र मुलाची उडते. भीतीची मजा तिच्यातून सुटण्यात असते. म्हणून सुटकेचा मार्ग मुलाच्या हाती असेल, असेच खेळ निवडावेत.

कोणते खेळ घ्यावेत?
असा खेळ आपल्या अंगणातच आहे : विषामृत. राज्य असलेल्याने शिवून 'विष' म्हटले, की जागीच थांबायचे. सवंगड्याने 'अमृत' म्हणत शिवले, की पुन्हा पळायचे. कोपरगावात तर शुक्राचार्यांचे मंदिर आहे. संजीवनी विद्येने त्यांनी कचाला जिवंत केल्याची गोष्ट आधी सांगा आणि खेळात 'अमृत'ऐवजी 'संजीवनी' म्हणायला लावा.

अगदी लहानांसाठी कागदी पेल्यांवर भुतांचे चेहरे रंगवून घ्या, पेल्यांचा मनोरा रचा आणि मऊ चेंडूने पाडू द्या. दोरीला टांगलेली जिलेबी हात न लावता खाण्याचा खेळही चालेल. मुखवटा मुलांनाच रंगवू द्या. स्वतः केलेल्या भुताची भीती कमी वाटते.

काय टाळावे?
पाण्यातले सफरचंद तोंडाने उचलण्याचा परदेशी खेळ लहानांना नको. नाकातोंडात पाणी जाते. कृत्रिम धाग्याचे कपडे पटकन पेट घेतात, म्हणून मेणबत्तीऐवजी सेलवरचा दिवा लावा. शेंगदाणे, कडक गोळ्या आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे घशात अडकू शकतात. ते लांब ठेवा.

खेळ संपल्यावर मूल 'अजून एकदा' म्हणाले, तर पार्टी जमली. ते रडू लागले, तर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. मुखवटा उतरवा आणि आधी त्याला जवळ घ्या.