कधी घट्ट, कधी मऊ

अधूनमधून काम करणारा ब्रेक-बूस्टर हा अजिबात नसलेल्या बूस्टरपेक्षा वाईट. हे मी आमच्या सावद्यात चहाच्या टपरीवर बोललो की निम्मे लोक हसतात. केळीची पिकअप चालवणारे मात्र हसत नाहीत.

जुन्या जीपला बूस्टर नसायचा. ब्रेक लावायचा म्हणजे अख्खी मांडी लावायची, हे चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळायचं आणि त्या हिशोबाने तो पुढच्या गाडीपासून लांब राहायचा. आता बूस्टर देऊन पाय हलका ठेवायची सवय कंपनीनेच लावली आहे. आठ दिवस पॅडल अलगद जातं आणि नवव्या दिवशी पारोळ्याच्या अलीकडे ट्रॅक्टर आडवा आला की ते जागचं हलत नाही. ब्रेक गेलेला नसतो, नुसता जोर जास्त मागत असतो. पण हे पायाला उमगेपर्यंत एक सेकंद जातो, आणि ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदात साडेसोळा मीटर पुढे गेलेली असते.

आमची डिझेल जीप बारा वर्षांची. सासुरवाडी धुळ्याची, त्यामुळे जळगाव-एरंडोल-पारोळा हा रस्ता पाठ. उन्हाळ्याच्या तोंडाला पॅडल कधी घट्ट, कधी मऊ लागायला लागलं. बूस्टर बदलायचा का, यावर घरात जितकी माणसं तितकी मतं. भाऊ म्हणाला, केळीचं पेमेंट आलं की बघू. धुळ्याचा मिस्त्री म्हणाला, ‘‘गाडी चाली राहिनी ना भाऊ, मंग कशाले खर्च करी राहिना?’’ आणखी एकाने जुना बूस्टर खोलून, रबर बदलून द्यायची तयारी दाखवली. आणि एक शहाणा म्हणाला, बूस्टरच काढून टाका, पूर्वी कुठे होता?

या शेवटच्याचं आधी सांगतो, कारण माझंच वाक्य तो माझ्यावर उलटवत होता. बूस्टर नसलेल्या गाडीत पॅडलची दांडी आणि मास्टर सिलिंडरची जाडी त्या बेताने ठरवलेली असते. बूस्टर धरून बनवलेल्या गाडीतून तो काढला, तर हाती येते ती जुनी जीप नव्हे, कायमची नादुरुस्त नवी गाडी.

बूस्टर म्हणजे पॅडलच्या पुढे, बोनेटखाली बसवलेला चपटा गोल डबा. आत रबरी पडदा. पडद्याच्या दोन्ही अंगांना हवा खेचून काढलेली असते. पॅडल दाबलं की एका अंगाला बाहेरची हवा शिरते आणि ती पडद्याला ढकलून पायाला मदत करते. पेट्रोल गाडीत सहसा ही खेच इंजिनच पुरवतं. डिझेलमध्ये त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. म्हणून ‘बूस्टर गेला’ असं मिस्त्री म्हणतो तेव्हा पंप गेलेला असू शकतो, पाइप चिरलेला असू शकतो, नाहीतर पाइपमधला एकतर्फी व्हॉल्व्ह धरत नसतो. भुसावळला मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. बोनेटखाली त्याहून किती जास्त होत असेल, आणि रबर किती टिकत असेल?

तपासायला मशीन लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीत, चालू करण्याआधी, पहिलं पॅडल मऊ जायला हवं, कारण डब्यात कालची खेच शिल्लक असते. ते पहिलंच घट्ट लागलं तर कुठून तरी हवा शिरते आहे. मग चार-पाच वेळा दाबून पॅडल घट्ट करायचं, पाय दाबूनच ठेवायचा आणि इंजिन चालू करायचं. पॅडल थोडं खाली बसलं पाहिजे. नाही बसलं, तर मदत पोचत नाही. आमचं कधी बसायचं, कधी नाही. शिवाय ब्रेक ऑइल कमी होत होतं आणि बाहेर एक थेंब दिसत नव्हता. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळून ऑइल डब्यात उतरत होतं. अशा वेळी नुसता बूस्टर बदलला तर तेच ऑइल नव्या पडद्यालाही खातं. आम्ही दोन्ही बदलले, दोन्ही नवे, कंपनीच्या मापाचे. दुरुस्त केलेला जुना बूस्टर उद्या पुन्हा कधी धरेल, कधी सोडेल, आणि मला तेच तर संपवायचं होतं.

‘ब्रेक फेल’ हे शब्द आपल्या भागाने 4 जुलै 2023 ला फार वाईट रीतीने ऐकले. मध्य प्रदेशातून धुळ्याकडे येणारा ट्रक शिरपूर तालुक्यात पळासनेरला आधी पुढच्या गाड्यांवर आणि मग रस्त्याकडेच्या हॉटेलवर आदळला, किमान दहा माणसं गेली. जड ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबाचे, त्यांची गोष्ट निराळी. पण सेंधव्याकडून बिजासन घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे, वर इंजिनही बंद करणारे छोट्या गाडीवालेही कमी नाहीत. इंजिन बंद म्हणजे खेच बंद. दोन-तीनदा ब्रेक मारला की शिल्लक संपली, मग चांगला बूस्टरही काही करू शकत नाही.

कंपनीचा भाग आहे म्हणजे बिनचूक असेल, हाही एक भ्रम. एप्रिल 2023 मध्ये मारुती सुझुकीने बलेनो आरएसच्या 7,213 गाड्या परत बोलावल्या. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता होती. कंपनीने ते जाहीर केलं, हे चांगलंच झालं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली आणि 1 एप्रिल 2021 पासून नियमही लागू झाले. पण त्यात गाडी सात वर्षांच्या आतली हवी. खानदेशात सात वर्षांची गाडी म्हणजे तरुण गाडी! तिचं खरं राबणं त्यानंतर सुरू होतं. शिवाय सक्तीचा रिकॉल ठरतो मालकांच्या तक्रारींच्या संख्येवर, आणि आपण तक्रार करतो ती मिस्त्रीकडे. सरकारी पोर्टलवर ती जातच नाही.

खासगी गाडीला पंधरा वर्षं फिटनेस नाही. प्रवासी गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी आहे, पण तपासणीला ती चालवत, गरम होऊन जाते, आणि थंड गाडीचं पहिलं पॅडल तिथे कुणाच्याच पायाखाली येत नाही. माझ्या जीपचा निर्णय माझ्या घरातल्यांनी घेतला, बसणारेही तेच. यावल स्टँडवरून काळी-पिवळीत मागे कोंबून बसलेल्या बाईला पॅडल कसं लागतंय ते कोण सांगणार? जळगाव आणि धुळ्याच्या आरटीओंनी वर्षातून काही दिवस पहाटे, पहिली फेरी सुटायच्या आधी, स्टँडवर जाऊन चालकाला एवढंच सांगावं: इंजिन बंदच ठेव आणि ब्रेक दाबून दाखव.