रंगांचे शुद्धलेखन

मोरा बंदराचे पाणी निळे नाही. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने उरणकडे येणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते. भरतीला ते करडे असते, पावसाळ्यात मातकट. आणि ओहोटीला गाळ उघडा पडला की त्या गाळावर शिशासारखी एक मंद चमक येते. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाच्या मुखपृष्ठासाठी एका विद्यार्थ्याने नेमका हाच गाळ टिपला होता. धक्क्याच्या पायऱ्या, टोपल्या पुढ्यात घेऊन बसलेल्या दोन कोळिणी, त्यांच्या मागे उभी असलेली त्यांच्यातील एकीची मुलगी (आमचीच विद्यार्थिनी) आणि पलीकडे होडीवर टाकलेली निळी ताडपत्री. संपादनाची जबाबदारी आम्हा मराठीच्या अध्यापकांकडे होती. चित्र आम्हांला आवडले, मात्र संगणकाच्या पडद्यावर ते थोडे थंड, निळसर वाटले. म्हणून आम्ही त्यात ऊब वाढवली आणि समाधानाने ते छापखान्यात पाठवून दिले.

अंक छापून आला तेव्हा गाळ विटकरी झाला होता, ताडपत्री चक्क जांभळी झाली होती आणि तिन्ही चेहरे इतके काळवंडले होते की डोळे कोठे आणि सावली कोठे हे कळू नये. आम्ही तावातावाने छापखाना गाठला. मालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमच्या पडद्यावर काय दिसत होतं ते मला कसं कळणार? तुम्ही मला आकडे पाठवलेत. ते आकडे कोणाचे, हे नाही पाठवलंत."

आज मागे वळून पाहता या एका वाक्यात रंग-व्यवस्थापनाचे सारे शास्त्र सामावलेले होते असे वाटते. त्या दिवशी मात्र आम्हांला ती पळवाट वाटली. पुढच्या वर्षी आम्ही धडा घेतला तो चुकीचाच. चेहरे काळे पडतात ना, मग ते आधीच उजळ करून पाठवायचे! त्या अंकात त्याच मुलीचे बक्षीस घेतानाचे छायाचित्र होते. ते तिने घरी दाखवले तेव्हा आई म्हणाली, "ही आमची पोर नाय." मुलीने हे आम्हांला हसत हसत सांगितले. आम्हांला हसता आले नाही.

या दोन अंकांनंतर आम्ही हा विषय मुळापासून शिकावयास घेतला. येथे मांडावयाचे आहे ते एवढेच की, हा विषय तंत्रज्ञांचा आहे असे समजून भाषा-साहित्याच्या लोकांनी त्याकडे पाठ फिरवणे ही चूक आहे. रंगाची चूक ही संपादनाचीच चूक असते.

प्रथम छापखानेदारांच्या त्या वाक्याचा अर्थ. डिजिटल चित्रातील प्रत्येक बिंदू म्हणजे तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे तीन आकडे. परंतु हे आकडे म्हणजे रंग नव्हेत. अमुक यंत्राने कोणता प्रकाश किती सोडावा याच्या त्या सूचना आहेत. त्याच सूचनेवर एक पडदा एक हिरवा दाखवील, दुसरा पडदा दुसरा. जुन्या काळी पायली हे धान्याचे माप सर्वत्र होते, पण एका मुलखाची पायली दुसऱ्या मुलखाच्या पायलीएवढी असेलच असे नव्हते. 'चार पायल्या भात' एवढेच लिहून चिठ्ठी दूरच्या गावी पाठवली तर पलीकडच्याने कोणत्या मापाने मोजावे? १९५६च्या वजनमापांच्या कायद्याने देशाला दशमान पद्धतीचे एक माप दिले. रंगांच्या बाबतीत असे सामाईक माप १९३१ मध्येच तयार झाले होते. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने मानवी डोळ्याच्या प्रतिसादावर आधारलेली, कोणत्याही यंत्रावर अवलंबून नसलेली रंगमापनपद्धती त्या वर्षी ठरवून दिली. १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी ही संस्था स्थापन केली आणि प्रत्येक यंत्राच्या आकड्यांचा या सामाईक मापाशी असलेला संबंध नोंदवणारी एक फाइल प्रमाणित केली. हीच 'प्रोफाइल'. प्रोफाइल म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेली ओळ : 'ही पायली अमुक गावची.'

ही ओळ आम्ही लिहिली नव्हती. शिवाय, ज्या पडद्यावर विसंबून आम्ही चित्रात 'सुधारणा' केली तो पडदाच निळसर आणि नको इतका तेजस्वी होता. पडदा निळसर असल्यामुळे आम्ही तांबडे-पिवळे वाढवले, म्हणून गाळ विटकरी झाला. पडदा तेजस्वी असल्यामुळे सावल्यांतील तपशील आम्हांला स्पष्ट दिसत राहिला आणि कागदावर तो बुडाला. नवशिक्यांची 'छपाई काळी आली' ही तक्रार बहुधा याच कारणाने उद्भवते. छापखान्याने आमच्याच चुका आम्हांला इमानाने परत केल्या होत्या.

ताडपत्रीची गोष्ट थोडी निराळी. पडदा प्रकाशाने रंग घडवतो, कागद शाईने. प्रकाशात प्रकाश मिसळला की उजेड वाढतो. शाईवर शाई चढली की उजेड गिळला जातो. आकाशी निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांनी जे रंग साधतात त्यांचा पसारा पडद्याच्या रंगांहून बराचसा वेगळा आणि एकंदरीत लहान असतो. पडद्यावरचा भडक निळा शाईत उतरवायचा तर आकाशी आणि किरमिजी या दोन शाया भरपूर लागतात, आणि किरमिजीचे प्रमाण आकाशीच्या फार जवळ गेले की निळ्याचा जांभळा होतो. तेव्हा प्रश्न उरतो तो भाषांतरकाराचा : मुळात आहे पण लक्ष्यभाषेत नाही, अशा शब्दाचे काय करावे? रंग-व्यवस्थापनात याला मुख्यतः दोन उत्तरे आहेत. एका पद्धतीत सर्वच रंग थोडे थोडे आवळले जातात, म्हणजे त्यांचे परस्परसंबंध टिकतात. दुसरीत शाईच्या आवाक्यातले रंग जसेच्या तसे ठेवले जातात आणि आवाक्याबाहेरचे काठावर आणून बसवले जातात. एक भावानुवादाच्या जवळची, दुसरी शब्दशः अनुवादाच्या. कोणत्या चित्राला कोणती मानवेल हे यंत्र सांगू शकत नाही. ते वाचकालाच, म्हणजे संपादकालाच, ठरवावे लागते.

हा पेच संगणकाने निर्माण केलेला नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, तेव्हा त्यांच्या जर्मन तंत्रज्ञांपुढे हाच प्रश्न होता. तैलचित्रातील रंगांची सलग उतरण वेगवेगळ्या शिळांवर विभागायची आणि एकावर एक छापून पुन्हा जुळवायची. यात काय राखायचे आणि काय सोडायचे याचा निवाडा त्यांचे डोळे करीत. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके याच धंद्यात होते. तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या ते रतलामला शिकले, रविवर्म्यांच्या प्रेससाठी त्यांनी काम केले आणि रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका गाजवल्या. ती चित्रे घरोघर पोहोचली ती ठसे करणाऱ्या आणि शाई जुळवणाऱ्या अनामिक कारागिरांच्या हातून. आपल्या वाङ्मयेतिहासात निर्णयसागरच्या टंकांना मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु अक्षराला जी प्रतिष्ठा मिळाली ती रंगाला मिळाली नाही. अक्षर आपण वाङ्मयाचे मानले आणि रंग सजावटीचा.

यावर आमच्याच वर्तुळातून येणारा एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. रंग हा अनुभवाचा विषय, त्याला आकड्यांत कोंबणे ही अरसिकता नव्हे काय? आमसुली, अबोली, डाळिंबी, मोरपंखी, श्रीखंडी, चिंतामणी, गुलबक्षी : मराठीने रंगांना दिलेली ही नावे स्वयंपाकघरातून, बागेतून आणि लुगड्यांच्या घड्यांतून आलेली आहेत. 'आमसुली' म्हणताच जिभेवर जे येते ते कोणत्या आकड्यात येणार? हे आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. पण आमसुली रंगाचे पातळ छापील पानावर तपकिरी दिसले, तर ती स्मृती वाचकाच्या मनात जागी होईलच कशी? आकडा अनुभवाची जागा घेत नाही. तो अनुभव वाटेत सांडू नये एवढीच काळजी घेतो. शुद्धलेखनाचे नियम पाळल्याने कविता होत नाही, हे जितके खरे तितकेच हेही खरे की, 'दिन' आणि 'दीन' यांतला भेद मुद्रितशोधकाने राखला नाही तर कवितेचा घात होतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. पडदा मोजण्याचे उपकरण विकत घ्यावे लागते. तालुक्याच्या महाविद्यालयाला हे कसे परवडावे? आणि हल्ली अंक मोबाइलवरच वाचला जातो, मग प्रत्येकाचा पडदा निराळा असताना हा खटाटोप कशासाठी? उपकरणाचा खर्च खरा आहे, पण एक उपकरण अनेक विभागांना पुरते. आणि ते येईपर्यंतही पुष्कळ गोष्टी फुकट करता येतात. पडद्याचे तेज उतरवावे. चित्रासोबतची प्रोफाइल कधीही पुसू नये; संभ्रम असेल तर १९९९ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या एसआरजीबीत काम करावे. कागद कोणता आणि प्रोफाइल कोणती, हे छापखान्याला आधीच विचारावे आणि त्या प्रोफाइलने छपाईचे रूप पडद्यावर तपासून पाहावे. मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवावा. चार शायांत विभागलेले बारीक अक्षर जरासे सरकले तरी त्याला रंगीत कडा येतात. छापील नमुना पिवळ्या दिव्याखाली पाहू नये. या कामासाठी ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण मानलेला आहे. आणि प्रोफाइल 'लावणे' व 'बदलणे' यांत कधीही गल्लत करू नये. 'लावणे' म्हणजे धान्य तेच ठेवून मापावरची चिठ्ठी बदलणे. 'बदलणे' म्हणजे धान्य दुसऱ्या मापाने नव्याने मोजणे. आमच्या विद्यार्थ्यांना ही उपमा सांगितल्यापासून ही चूक जवळजवळ थांबली आहे. मोबाइलबद्दल म्हणाल तर, ऐकणाऱ्यांचे कान सारखे नसतात म्हणून कोणी गायक बेसूर गात नाही.

पण या साऱ्या तपशिलांपेक्षा महत्त्वाचे आहे ते त्या आईचे वाक्य. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बराच काळ छायाचित्रांच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी एका गौरवर्णी स्त्रीचे चित्र असलेले कार्ड वापरले जाई. कोडॅकचे हे 'शर्ली कार्ड' प्रसिद्ध आहे. त्या स्त्रीची कांती नीट आली की छपाई नीट, असा तो संकेत होता. सावळ्या माणसांच्या चेहऱ्यांचे काय होते हे पाहणे त्यात बसत नव्हते. वेगवेगळ्या वर्णांच्या व्यक्ती असलेले कार्ड आले ते विसावे शतक सरत आले तेव्हा. आमच्या हातात असे कोणतेही कार्ड नव्हते, पण ते आमच्या मनात मात्र होते. चेहरा 'उजळला' की चित्र 'सुधारले' असे आम्ही गृहीत धरले होते. सावळेपणाला देवत्व देणाऱ्या भाषेचे आम्ही अध्यापक, आणि उन्हातान्हात रापलेल्या कोळ्या-आगऱ्यांच्या मुलांचे चेहरे आम्ही धुऊन काढत होतो.

सावळा चेहरा छापणे खरोखरच कठीण असते. शाईचा ठिपका कागदावर पसरतो. ५० टक्क्यांचा ठिपका चकचकीत कागदावरसुद्धा सुमारे ६५ टक्क्यांएवढा गडद दिसतो, आणि शोषक कागदावर त्याहूनही अधिक. त्वचेच्या मध्यम छटा नेमक्या याच पट्ट्यात येतात. त्यांचा बारीक उतार राखायचा असेल तर ठिपका किती फुगेल हे आधीच ठाऊक असावे लागते, आणि चांगल्या प्रोफाइलमध्ये हे मोजमाप नोंदलेलेच असते. म्हणजे आमच्यापुढे चेहरा बुडवणे आणि चेहरा धुणे असे दोनच पर्याय होते असे नव्हे. चेहरा आहे तसा छापता येतो. त्यासाठी तो आहे तसा दिसावा ही इच्छा हवी, आणि त्या इच्छेला मापाची जोड हवी.

आमची सूचना साधी आहे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासात मुद्रितशोधनाच्या खुणा शिकवल्या जातात, तेथे रंगाच्या या पाच-सहा गोष्टीही शिकवाव्यात. चार तास पुरतील. विद्यार्थी त्यातून मुद्रक होणार नाहीत. पण उद्या ते वार्षिकांक काढतील, गावाच्या स्मरणिका काढतील, पुस्तके काढतील, आणि त्यांत माणसांचे चेहरे असतील.

यंदा मुखपृष्ठासाठी पुन्हा मोऱ्याचेच चित्र निवडले आहे. ओहोटीचेच. मापून घेतलेल्या पडद्यावर गाळ करडा दिसतो आहे, आणि छापखान्यातून आलेल्या नमुन्यावरही करडाच. तो कोणाला फारसा देखणा वाटणार नाही. पण त्या वाटेने रोज लाँच पकडणाऱ्याला तो ओळखता येईल.