जुन्याला जुनं म्हणा की!

मंडळी, जुन्या वस्तूंशी माझं वैर नाही. वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तकं अर्ध्या किमतीत घेऊनच आम्ही शिकलो. पण विकणारा 'जुनी आहेत' असं तोंडाने सांगायचा हो!

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीसाठी एका ऑनलाइन दुकानातून 'रिफर्बिश्ड' लॅपटॉप मागवला. जाहिरातीत ठळक अक्षरांत 'आय फाइव्ह'. मास्तर खूश! कांदिवलीत खोकं आलं, शेजारच्या मुलाने पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, हा सहाव्या पिढीचा." म्हणजे मूळ 2015 सालची चिप. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी तरी लागते, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. नुसतं 'आय फाइव्ह' लिहिणं म्हणजे 'मॅट्रिक पास' सांगून साल लपवणं.

तक्रार केली, तर उत्तर काय? "जाहिरातीत खोटं काही नाही." नाहीच! अर्धं खरं आहे, तेच तर दुखणं आहे. कोणी म्हणतात, लिनक्स टाका, मस्त चालेल. चालेल ना, पण मग ते दुकानदारानेच का टाकून दिलं नाही?

चिपची पिढी, बनवल्याचं साल, बॅटरीची अवस्था, एवढं छापायला किती शाई लागते? लॅमिंग्टन रोडवर निदान यंत्र उघडून बघता तरी येतं.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पोच आली. महिना उलटला. आता 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावून बसलोय. मुलगी म्हणते, "आजोबा, राहू द्या, चालतोय तोवर वापरते." मी मात्र राहू देणार नाही.