पाकिटात राहिलेले कुलूप

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड नावाचे एक गाव आहे. तेथील शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पिस्तुलातून गोळ्या झाडून चार विद्यार्थ्यांचे प्राण घेतले. आणखी सात जण जखमी झाले. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी अवघ्या चार दिवसांपूर्वी रीतसर दुकानातून विकत घेतले होते. पुढे आई-वडिलांवरच खटला उभा राहिला, तेव्हा पुराव्यात एक अगदी क्षुल्लक दिसणारी वस्तू पुढे आली. पिस्तुलाबरोबर आलेले केबलचे कुलूप! ते प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरसुद्धा काढलेले नव्हते. असे कुलूप पिस्तुलाला बसवायला किती वेळ लागतो, हे सरकारी वकील बाईंनी ज्यूरीसमोर प्रत्यक्ष करून दाखविले. काही सेकंद पुरले. २०२४ साली माता-पिता दोघांनाही मनुष्यवधाच्या गुन्ह्यात १० ते १५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

मग हे कुलूप त्या घरात आले तरी कशासाठी? वरवर पाहता याचे उत्तर सोपे आहे. २००५ साली अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्यानुसार परवानाधारक दुकानदाराने सामान्य ग्राहकाला पिस्तूल विकताना त्यासोबत कुलूप अथवा तत्सम सुरक्षा-साधन दिलेच पाहिजे. न दिल्यास त्याचा परवाना सहा महिन्यांपर्यंत स्थगित होऊ शकतो किंवा त्याला दंड होऊ शकतो; २००५ च्या मूळ तरतुदीत या दंडाची मर्यादा अडीच हजार डॉलर होती. मात्र ग्राहकाने ते कुलूप लावावे, असे या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. विक्री झाली, कुलूप हातात पडले, कायद्याचे काम संपले! खासगी व्यक्तीने आपले जुने पिस्तूल दुसऱ्याला विकले, तर तेवढेही बंधन नाही. लांब नळीच्या बंदुकाही या तरतुदीतून वगळलेल्या आहेत.

या कायद्याची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. मूळ विधेयक मुलांच्या सुरक्षेचे नव्हतेच. शस्त्रनिर्मात्यांवर आणि विक्रेत्यांवर नुकसानभरपाईचे दावे लावता येऊ नयेत, यासाठी ते आणलेले होते. विस्कॉन्सिनचे सिनेटर हर्ब कोल यांनी त्याला कुलपाची दुरुस्ती सुचविली आणि सिनेटने ती ७० विरुद्ध ३० मतांनी स्वीकारली. दुरुस्ती मांडणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कारखानदाराला न्यायालयाच्या दारातून सोडविणाऱ्या आणि घरातील लेकराच्या वाट्याला पाकिटातील एक कुलूप देणाऱ्या या सौद्यात कोणाचे पारडे जड झाले, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. (प्रस्तुत लेखक कला शाखेचा आहे.)

ही कुलुपे तरी कशी असतात? केबलचे कुलूप म्हणजे वेष्टन असलेली एक पोलादी तार. काडतुसांचे मॅगझीन काढून ती पिस्तुलाच्या आतून ओवायची आणि टोकाला कुलूप घालायचे. तार आत असेतो पिस्तूल मिटत नाही आणि गोळी सुटत नाही. दुसरा प्रकार चापाभोवती बसणाऱ्या कुलपाचा. यात न कळण्यासारखे काही नाही. अर्थात सगळीच कुलुपे विश्वासार्ह निघाली असेही नाही. शस्त्रउद्योगाच्या संघटनेने फुकट वाटलेली सुमारे चार लाख कुलुपे सदोष ठरल्याने २००१ साली बदलून द्यावी लागली होती. तरीही दोष कुलपात असणे वेगळे आणि ते वेष्टनातच राहणे वेगळे.

विरोधकांचा मुख्य आक्षेप सर्वश्रुत आहे. मध्यरात्री चोर घरात शिरला, तर घरधन्याने किल्ली शोधत बसायचे काय? हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. वॉशिंग्टन शहराच्या १९७५च्या कायद्याने नागरिकाला घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप घालून ठेवण्याची सक्ती केली होती. २००८ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्याला कुलूप काढायला तीन सेकंद लागले, असे शहराच्या वकिलांनी सांगितले. त्यावर, म्हणजे आधी दिवा लावायचा आणि मग वाचायचा चष्मा शोधायचा, अशा अर्थाचा शेरा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मारला आणि न्यायालयात हशा पिकला. अखेर पाच विरुद्ध चार मतांनी ती सक्ती रद्द झाली. परंतु याच निकालपत्रात न्यायमूर्ती स्कालिया यांनी असेही नमूद केले, की अपघात टाळण्यासाठी शस्त्र जपून ठेवण्याविषयी केलेल्या कायद्यांना या निकालाने बाध येत नाही. निकालाचा गजर करणारे हे वाक्य सोयीस्करपणे विसरतात.

आपण खंडेनवमीला शस्त्रे पुजणारे लोक आहोत. शस्त्र बाळगणे म्हणजेच पाप, असे मानण्याची आपली परंपरा नाही. त्यामुळे अमेरिकी माणसाच्या बंदूकप्रेमाकडे पाहून नाक मुरडण्याचा शहाजोगपणा निदान आपण तरी करू नये. पण पूजेचे शस्त्र पाटावरून उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवण्याची जबाबदारी घरातील कर्त्या माणसाची असते, पोराबाळांची नव्हे. २०२१ च्या एका राष्ट्रव्यापी पाहणीवरून असा अंदाज बांधण्यात आला, की अमेरिकेत सुमारे ४६ लाख मुले ज्या घरांत राहतात, तेथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलुपाविना पडलेली असते. जानेवारी २०२३ मध्ये व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे सहा वर्षांच्या मुलाने भर वर्गात आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. सुदैवाने त्या वाचल्या. पिस्तूल आईचे होते आणि कायदेशीर होते. सहा वर्षांचे मूल! आपल्याकडे या वयात पेन्सिलीला टोक नीट काढता येत नाही.

कायद्याने घरधन्याच्या वर्तनाला हात घातला, तर फरक पडतो का? पडतो. मुलांच्या हाती बंदूक लागू देणाऱ्या मालकाला जबाबदार धरणारा पहिला कायदा फ्लोरिडाने १९८९ साली केला. अशा १२ राज्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १५ वर्षांखालील मुलांचे बंदुकीच्या अपघातांतील मृत्यू अपेक्षेपेक्षा २३ टक्क्यांनी कमी आढळले. मॅसॅच्युसेट्सने १९९८ सालीच घरातील बंदूक कुलुपात ठेवणे सक्तीचे केले. मिशिगनमध्ये असा कायदा लागू झाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. ऑक्सफर्डच्या चार मुलांनंतर दोन वर्षांनी.

हा विषय आता आपल्याला सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका नातवाला सांभाळण्यासाठी सहा महिने टेक्सासला राहून आल्या. नातवाचा वर्गमित्र खेळायला येणार होता, तेव्हा त्याच्या आईचा दूरध्वनी आला : "तुमच्या घरात बंदूक आहे का? असल्यास ती कुलुपात आहे का?" बाईंना हा सरळसरळ अपमान वाटला. सात पिढ्यांत आमच्याकडे विळीखेरीज शस्त्र नाही, असे त्या सुनेला तणतणत म्हणाल्या. सुनेने समजावून सांगितले, की हा प्रश्न विचारावा असे तेथील बालरोगतज्ज्ञच पालकांना सांगतात आणि २००० सालापासून त्यासाठी रीतसर मोहीम चालू आहे. पुढल्या आठवड्यात नातू शेजारी खेळायला निघाला, तेव्हा सूनबाई कामावर होत्या. बाईंनी शेजारणीला स्वतःच दूरध्वनी लावला. इंग्रजी वाक्य त्यांनी आधी कागदावर लिहून घेतले होते.