तडजोड हवी, विलीनीकरण नको

टोकावड्याच्या कार्यकर्त्यांना प्रत्येक निवडणुकीत एकच प्रश्न छळतो: आपला उमेदवार उभा करावा, की मोठ्या शत्रूला पाडण्यासाठी दुसऱ्याला साथ द्यावी? मुरबाड व शहापूर ज्यात मोडतात त्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात २०२४ साली सुरेश म्हात्रे यांनी कपिल पाटील यांचा सुमारे ६६ हजार मतांनी पराभव केला. तिसरे आलेले अपक्ष नीलेश सांबरे यांना सव्वादोन लाखांहून अधिक मते पडली. अशा वेळी ‘तिसऱ्याने मते खाल्ली’ असे सर्रास म्हटले जाते. जणू मतदार कोणाच्या तरी मालकीचाच असतो!

तरीही मतांचे गणित नाकारून चालणार नाही. २००० साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्याचा, आणि त्यासोबत अध्यक्षपदाचा, निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला. तेथे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते होती. सर्वाधिक मते मिळवणारा एकच विजयी होतो, अशा पद्धतीत तिसऱ्याची उमेदवारी कधीच निरुपद्रवी नसते.

परंतु तडजोडीलाही किंमत असते. शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीला १८९२ साली अमेरिकेत दहा लाखांवर मते मिळाली होती. १८९६ साली तिने डेमोक्रॅटिक पक्षाच्या ब्रायन यांनाच आपले उमेदवार मानले. ब्रायन हरले आणि पुढे तो पक्ष नामशेष झाला. आपल्याकडेही १९७७ साली समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला. १९७९ साली दुहेरी सदस्यत्वाच्या वादात जनता पक्ष फुटला, तेव्हा परतायला स्वतःचे घर उरले नव्हते. उलट १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हे पक्ष आपापली ओळख राखून एका मागणीसाठी एकत्र लढले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

बोध स्पष्ट आहे. तडजोड मागणीसाठी असावी, मुदतीची असावी आणि उघड असावी. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूरचे पाडे टँकरची वाट पाहतात. २००६ च्या कायद्यानुसार वनहक्काच्या दाव्यांचा निकाल लागला पाहिजे. ज्याला पाठिंबा द्यायचा त्याच्याकडून या मागण्या लेखी मान्य करून घ्याव्यात व त्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. तो मानत नसेल, तर आपला उमेदवार उभा करण्यास कचरू नये. मात्र पाच वर्षे पाड्यावर न फिरकलेल्या पक्षाला ना उमेदवारीचा नैतिक अधिकार आहे, ना तडजोडीचे बळ. दोन्हींची तयारी निवडणुकीच्या फार आधी करावी लागते.